निकाल आधी, निरोप नंतर

महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही शालेय वर्षाचा शेवट म्हटले की १ मे आठवतो. सकाळी झेंडावंदन, मग वर्गात आपापल्या बाकावर जाऊन बसणे, बाईंच्या टेबलावरचा प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, आणि नाव पुकारले की पुढे जाऊन, त्यातला शेरा चोरून वाचत जागेवर परतणे. आमच्याकडे वर्षाचा आनंदाचा भाग तोवर उरकलेला असतो. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत होऊन जाते, चौथीचा निरोप समारंभ परीक्षेच्या आधी होतो आणि हिशेब तेवढा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला असतो. नेदरलँड्समध्ये हा क्रम उलटा आहे. आमची मुलगी यंदा आइंडहोव्हनच्या प्राथमिक शाळेतून बाहेर पडली, त्यामुळे त्या उलट्या क्रमाने काय साधते आणि काय साधत नाही हे दोन्ही जवळून पाहायला मिळाले.

आधी थोडी व्यवस्था सांगायला हवी. तिथे मूल चार वर्षांचे झाले की शाळेत जाऊ लागते, मग तो वाढदिवस जूनमध्ये असो की फेब्रुवारीत. पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची होते, आणि ग्रूप १ ते ग्रूप ८ अशी आठ वर्षे मूल बहुधा एकाच इमारतीत काढते. ग्रूप ८ म्हणजे वयाच्या मानाने साधारण आपली सहावी. त्यानंतर माध्यमिक शाळा, आणि तिथेच वाटा फुटतात. चार वर्षांचे व्यवसायाभिमुख शिक्षण म्हणजे व्हीएमबीओ, पाच वर्षांचे हावो आणि विद्यापीठाकडे नेणारे सहा वर्षांचे व्हीडब्ल्यूओ. कोणत्या मुलाने कुठे जावे याची शिफारस त्याचे वर्गशिक्षक आणि शाळा करतात. जानेवारीत तात्पुरती शिफारस हातात पडते, त्याच सुमारास सगळ्या ग्रूप ८ ची एक परीक्षा होते आणि २४ मार्चपर्यंत शाळेला अंतिम शिफारस द्यावीच लागते. परीक्षेत मूल अपेक्षेपेक्षा चांगले ठरले तर शिफारस वर सरकवायची असते, तसे न करण्याला सबळ कारण असेल तरच अपवाद. परीक्षा वाईट गेली म्हणून मात्र शिफारस खाली आणता येत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देशभरातली मुले एकाच वेळी नव्या शाळांत नावे नोंदवतात.

म्हणजे आमच्याकडे प्रगतिपुस्तकाच्या दिवशी जे कळते, ते तिथे वसंत ऋतू लागता लागताच कळून चुकलेले असते आणि पुढचे तीन महिने उरतात. या तीन महिन्यांत गणित आणि डच चालूच असते, पण दुपार झाली की वर्गातली बाके भिंतीला लागतात आणि म्यूझिकलची तालीम सुरू होते.

ग्रूप ८ ची म्यूझिकल ही त्या देशातली जवळजवळ सार्वत्रिक प्रथा आहे. त्यासाठी तयार संच विकत मिळतात. संहिता, गाणी आणि गायकाच्या आवाजाशिवायचे संगीत असे सगळे एकत्र येते, आणि त्यामुळे जून-जुलैत एकच नाटक कितीतरी गावांतल्या शाळांत एकाच वेळी रंगत असते. आमच्या शाळेने निवडलेल्या नाटकात एका जुन्या हॉटेलात चोरी होते आणि संशय सगळ्यांवर फिरून शेवटी भलत्यावरच स्थिरावतो. लेकीला हॉटेलातल्या सफाई कामगाराची भूमिका मिळाली होती. भूमिका लहान, पण चोरीची पहिली खूण तिलाच सापडत असल्याने घरात महिनाभर त्या एका प्रवेशाशिवाय दुसरा विषय नव्हता. मुख्य भूमिका दोघा-दोघांत वाटल्या होत्या. पहिल्या अंकात एक मुलगा हॉटेलचा मालक, तर दुसऱ्या अंकात तीच टोपी घालून एक मुलगी मालक. टोपी तीच असल्याने कोणाचा गोंधळ झाला नाही.

पुण्यातल्या गॅदरिंगची सवय असलेल्या माणसाला इथे काही गोष्टी खटकतील, मलाही आधी खटकल्या. बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिरासारखे सभागृह घेणे नाही, बाहेरचा नृत्यदिग्दर्शक नाही, मेकअपमन नाही आणि ड्रेपरीवाल्याकडून आणलेले, टिकल्या निघालेले झगमगीत कपडेही नाहीत. नाटक शाळेच्या व्यायामशाळेत होते, भिंतीवरच्या चढायच्या लाकडी दांड्या पडद्याआडून दिसत राहतात. खुर्च्या पालक मांडतात आणि पालकच उचलतात. कपडे घरातल्या कपाटातून किंवा क्रिंगलोप म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून येतात. लेकीचा ॲप्रन तिथलाच, दोन युरोंचा. नेपथ्य मुलांनी पुठ्ठ्यावर रंगवलेले होते आणि हॉटेलच्या पाटीवरचे एक अक्षर नंतर सुचल्यासारखे वर अडकवलेले होते. ते कोणी दुरुस्त केले नाही, आणि मला वाटते मुद्दामच केले नाही.

माझे आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून आले होते, त्यामुळे त्यांनाही हा प्रयोग पाहता आला. बाबांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी पहाटेपर्यंत केलेल्या आहेत. त्यांना डचमधला एकही शब्द कळत नव्हता तरी ते पहिल्या रांगेत ताठ बसून नाटकाकडे परीक्षकाच्या नजरेने पाहत होते. दुसऱ्या अंकात पोलीस अधिकारी झालेला मुलगा ऐन चौकशीत वाक्य विसरला. रंगमंचासमोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईंनी हातातल्या संहितेतून पुढचे शब्द पुरवले. ते त्याला ऐकू गेले नाहीत, तेव्हा त्याने सरळ पुढे येऊन, कमरेत वाकून, त्यांच्या हातातला कागद वाचला आणि टोपी सारखी करून परत चौकशीला लागला. सभागृह हसले, तोही हसला, नाटक पुढे गेले. विंगेतून हळू आवाजात प्रॉम्प्टिंग करण्याची शिस्त ज्यांच्या अंगी मुरली आहे त्या बाबांना हे पचायला वेळ लागला. मध्यंतरात ते म्हणाले, ‘अगं, तालमी कमी पडल्यात. पण एक पाहिलंस का, एकही पोरगं नुसतं झाड होऊन कोपऱ्यात उभं नाहीये.’ चौथीच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः झाड झाले होते, त्यामुळे मला यावर काही बोलता आले नाही.

नाटकानंतर बाईंनी एकेका मुलाला पुढे बोलावले आणि त्याच्याबद्दल चार वाक्ये बोलल्या. कोणाला किती गुण, कोण कोणत्या शाळेत चालले आहे, यातले काहीही त्यात नव्हते. एका मुलाबद्दल त्या म्हणाल्या की वर्गातला ससा आजारी पडला तेव्हा तो रोज सुटीत त्याच्याजवळ बसत असे. आई माझ्या कानाशी लागली, ‘बक्षीस समारंभ कधी आहे मग?’ तो नाही, असे सांगितल्यावर तिला मनापासून वाईट वाटले, कारण नातीला सुवाच्य अक्षरासाठी तरी एखादे बक्षीस मिळायला हवे होते असे तिचे मत आहे. ते मत अजून बदललेले नाही.

कॅम्पबद्दल थोडक्यात सांगते. ग्रूप ८ ची मुले दोन रात्री बाहेर राहतात, तिथवर सायकलने जातात आणि सामान एखाद्या पालकाच्या गाडीतून पुढे जाते. अशा उपक्रमांसाठी पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागितली जाते, आणि १ ऑगस्ट २०२१ पासूनच्या कायद्यानुसार ती न भरणाऱ्याच्या मुलाला कोणत्याही उपक्रमातून वगळता येत नाही. बाईंच्या भेटवस्तूसाठीची वर्गणी वेगळी. ती पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर मोबाइल ॲपच्या दुव्यावरून अडीच-तीन युरोंच्या हप्त्यांत गोळा होते, आणि कोणी भरली नाही हे सगळ्यांना कळते, पण कोणी बोलत नाही.

शेवटचा दिवस मात्र पाहण्यासारखा असतो. अनेक डच शाळांत त्या दिवशी ग्रूप ८ च्या मुलांना शाळेतून अक्षरशः बाहेर फेकतात. दाराबाहेर व्यायामशाळेतल्या जाड गाद्या रचलेल्या असतात. धाकट्या वर्गांची मुले दोन्ही बाजूंना पाठवणीला जमलेल्या वऱ्हाडासारखी उभी असतात. एकेक मूल दाराशी आले की दोन शिक्षक त्याचे हात आणि पाय धरतात, सगळे पटांगण एक-दोन-तीन मोजते आणि झोका देऊन त्याला गादीवर सोडले जाते. वर्गातला सर्वांत उंच मुलगा आला तेव्हा चौघे लागले, त्यातले एक मुख्याध्यापक होते. लेकीचा एक बूट झोक्यातच निसटून आत राहिला. ग्रूप १ मधल्या एका चिमुरडीने तो उचलला, दोन्ही हातांत धरून गादीपर्यंत आणला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने तिच्या स्वाधीन केला. आईने डोळ्यांना पदर लावला आणि त्याच वेळी ‘अहो, पाठीला लागेल हो तिच्या’ असेही ती बाबांना सांगत होती.

धाकट्या वर्गांचा शेवट साधा असतो. मुले तासभर पुढच्या वर्गात जाऊन नव्या शिक्षकांना भेटून येतात, वर्षभराची चित्रे पिशवीत भरून घरी आणतात आणि खेळणी धुवायला, कपाटे पुसायला पालकांना बोलावणे येते. तिथे सफाईला येण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आता जे मला पटत नाही त्याबद्दल. निकाल आधी लागून गेल्यामुळे निरोपात ताण नसतो हे खरे, पण निरोप एवढा मोठा का करावा लागतो, तेही त्या निकालातच आहे. पुण्यात आमची चौथी संपली तेव्हा वर्गच्या वर्ग उचलून पाचवीत गेला. नवीन मराठी शाळेतली मुले रमणबागेत आणि मुली अहिल्यादेवीत जायच्या, त्यामुळे निरोप शाळेच्या इमारतीचा आणि बाईंचा असायचा, मैत्रिणींचा नसायचा. लेकीच्या वर्गातली मुले मात्र आता वेगवेगळ्या इमारतींतच नव्हे तर वेगवेगळ्या शिक्षणात गेली आहेत. तिची सर्वांत जवळची मैत्रीण व्हीएमबीओला गेली आणि ही व्हीडब्ल्यूओला. दोघींच्या शाळा शहराच्या दोन टोकांना आहेत. ज्या पोलीस अधिकाऱ्याने वाक्य विसरूनही सभागृह जिंकले, त्याचीही वाट वेगळी आहे. मुलांना हे सगळे ठाऊक असते. म्यूझिकलच्या रात्री पालक जुन्या आठवणी काढत होते, पण कोण कुठे चालले आहे हा प्रश्न ज्या सफाईने टाळत होते, त्यावरून तो किती बोचतो ते कळत होते. व्हीएमबीओ पूर्ण करून हावोला जाता येते, वाट बंद होत नाही, असे तिथले लोक सांगतात आणि ते खोटे नाही. तरी बाराव्या वर्षी ही वाटणी फार लवकर होते, असे नेदरलँड्सच्या शिक्षण परिषदेचेही म्हणणे आहे. २०२१ मध्ये तिने सरकारला सल्ला दिला होता की माध्यमिकची पहिली तीन वर्षे सगळ्यांनी एकत्र शिकावीत आणि मग निवड व्हावी. तो सल्ला अजून कागदावरच आहे. आपल्याकडे चौथीच्या स्कॉलरशिपचा बागुलबुवा होता, पण ती न मिळालेलाही दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसायचा.

हे लिहिते आहे कोथरूडमध्ये, पावसात, आणि इथे एक व्यावहारिक अडचण रोज जाणवते. शालेय सुटी एकाच दिवशी सुरू होऊन सगळा देश एकदम रस्त्यावर येऊ नये म्हणून नेदरलँड्सचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग केले आहेत. २०२५ मध्ये आमच्या दक्षिण विभागाची सुटी ५ जुलैला लागली, ॲमस्टरडॅमच्या उत्तर विभागाची १२ जुलैला आणि उट्रेख्ट, रॉटरडॅम असलेल्या मध्य विभागाची १९ जुलैला. सहा आठवड्यांची सुटी, तीही दर वर्षी पुढे-मागे सरकणारी. आम्ही पुण्यात पोहोचतो तेव्हा हापूस संपलेला असतो आणि मामेभावंडे जूनच्या मध्यापासून शाळेत अडकलेली असतात. लेक सकाळभर त्यांची वाट पाहते, ती येतात आणि क्लासला जातात.

सुटीच्या दोन दिवस आधी निघून स्वस्त विमान पकडू, असे पुण्याहून दर वर्षी कोणीतरी सुचवते. ते जमत नाही. शाळा सक्तीची असलेल्या वयाच्या मुलाला परवानगीशिवाय शाळा बुडवून सहलीला नेले तर प्रत्येक मुलामागे दिवसाला १०० युरो दंड होऊ शकतो. घरातले लग्न किंवा गंभीर आजारपण असेल तर मुख्याध्यापक रजा देऊ शकतात, स्वस्त तिकीट हे कारण त्यात बसत नाही.

तेव्हा नातवंड ग्रूप ८ मध्ये असेल आणि आजी-आजोबांना म्यूझिकल पाहायची असेल, तर आपल्याला सोयीची तारीख न धरता मुलांचा विभाग आधी विचारावा, आणि सुटीआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे धरून तिकीट काढावे. संध्याकाळच्या प्रयोगाला आमच्या शाळेत दर कुटुंबामागे मोजक्याच खुर्च्या होत्या, पण सकाळी धाकट्या वर्गांसाठी रंगीत तालीम होते आणि तिथे आजी-आजोबांना मागच्या बाकावर आनंदाने बसवून घेतात. बाबा दोन्ही प्रयोगांना गेले आणि संध्याकाळचा सरस झाला असे त्यांनी बाईंना खुणांनी सांगितले.