गुळगुळीत तांबं आणि टाचे मारलेली भिंत

ओगाकीत सध्या त्सुयू सुरू आहे, म्हणजे जपानचा जून-जुलैचा पाऊस. गिफू प्रांतातलं हे पाण्याचं गाव. रस्त्याकडेला जमिनीतून आपोआप उसळणारे झरे आहेत, लोक बाटल्या भरून नेतात.

माझं काम सबस्ट्रेटचं. प्रोसेसरची चिप मदरबोर्डवर थेट बसत नाही. चिपची टोकं फार दाट, बोर्डाची त्या मानाने विरळ, म्हणून मधे बारीक तारांची बहुमजली पाटी लागते, तीच सबस्ट्रेट. तांब्याचा थर, त्यावर इन्सुलेटिंग फिल्म, पुन्हा तांबं. ही फिल्म बहुधा अजिनोमोटो कंपनीची असते. हो, तीच! १९९९ पासून ती प्रोसेसरखाली आहे.

सेकंदाला ११२ गिगाबिट वाहून नेणाऱ्या आजच्या जोडतारांत सिग्नल साधारण २८ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. तिथे वीज तांब्याच्या आत शिरतच नाही, पृष्ठभागाच्या जेमतेम ०.४ मायक्रॉन थरातून वाहते. तांबं खडबडीत असलं, तर तिला प्रत्येक खाचखळग्यातून वाट काढावी लागते आणि सिग्नल वाटेतच विरतो.

बाबांनी चिपळूणला बांधकामाची कामं घेण्यात आयुष्य काढलं. फोनवर हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "अगं, मग तांबं गुळगुळीतच ठेवा की!" आणि क्षणभर थांबून स्वतःच, "पण त्यावर फिल्म धरेल कशी? आम्ही काँक्रीटला टाचे मारल्याशिवाय गिलावा करत नाही."

आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं भांडण त्यांनी दोन वाक्यांत मांडलं. पकडीसाठी खडबडीतपणा हवा, सिग्नलसाठी नको. तांबं आणि फिल्म तापल्यावर सारखी फुगत नाहीत, त्यामुळे पकड कच्ची राहिली तर सोल्डरिंगच्या भट्टीत थर सुटतात. म्हणून आता तांबं जवळजवळ गुळगुळीत ठेवून त्यावर रासायनिक दुव्याचा अतिपातळ थर देतात. "म्हणजे आमचं बाँडिंग एजंट," बाबा म्हणाले. बरोबर तेच.

गेल्या पावसाळ्यात मात्र मी चुकले. नवे नमुने उघड्या ट्रेमध्ये दोन दिवस राहिले आणि मी ते तसेच मोजले. सिग्नलची घट अपेक्षेपेक्षा जास्त आली. तांब्याचा पृष्ठभाग पुन्हा तपासला, प्रोब बदलले, कॅलिब्रेशन दोनदा केलं. दोष हवेतल्या ओलाव्याचा होता. फिल्मचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो त्याचं माप, तीन-साडेतीन, पाण्याचा ८०च्या आसपास. त्यात गिगाहर्ट्झच्या टापूत पाणी ऊर्जा पिऊन टाकतं, मायक्रोवेव्हमध्ये वरण तापतं ते त्यामुळेच. फिल्मने शोषलेलं किंचित पाणीही आलेखात दिसतं. नमुने १२५ अंशांवर रात्रभर भाजले आणि रेषा जागेवर आली. दोन आठवडे मी तांब्याला दोष देत होते.

आता कोरडे केलेले नमुने मी बंद डब्यातून थेट मोजणीला नेते. डब्यावर वेळ लिहिते, बाहेरची आर्द्रताही. कालची नोंद ९१ टक्के. बाबांना सांगितली, तर म्हणाले, "आमच्याकडे भिंतींना घाम फुटलाय."