चार आकार, सात स्वर: सहाव्या महिन्याची नोंद

गेल्या रविवारी सॅन्ड माउंटनवरच्या मेळाव्यात टेनरच्या, म्हणजे मुख्य चाल गाणाऱ्या गटाच्या, बाकावर बसून मी पहिल्यांदाच एक संपूर्ण चाल छापील स्वरचिन्हांच्या आकारांच्या नावांनी न अडखळता म्हटली. अलाबामाच्या ईशान्येकडील या पठारावर १८४४ चे 'द सेक्रेड हार्प' हे ख्रिस्ती भक्तिगीतांचे पुस्तक आजही चार बाजूंनी चौकोन करून, वाद्याविना गायले जाते. श्रोते असे कोणी नसतातच. मधोमध उभा राहणारा हाताने ताल देतो, आणि पट्टी कोणीतरी नुसत्या कानाने ठरवून देतो.

पाच महिने मी अडले होते ती गोष्ट अशी. लिटल आणि स्मिथ यांच्या १८०१ च्या 'ईझी इन्स्ट्रक्टर' या पुस्तकापासून चालत आलेल्या या स्वरलेखनाच्या पद्धतीत त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा मि. सप्तक चढताना फा सोल ला, पुन्हा फा सोल ला, मग मि. सरगमवर वाढलेल्या माझ्या कानाला सा आणि म या दोघांनाही फा म्हणणे पटेना. पंचेचाळिसाव्या पानावरील 'न्यू ब्रिटन' ('अमेझिंग ग्रेस'ची चाल) मात्र सहज जमले, कारण त्याच्या टेनरमध्ये म आणि नी नाहीतच. स्वर भूपाचे, त्यामुळे त्रिकोण दिसला की तो सा, यात शंकेला जागा नव्हती.

उलगडा शेजारच्या आजोबांच्या एका वाक्याने झाला: "त्रिकोणाकडे खालून जाताना पाऊल लहान टाक." घरी येऊन मी पेटीवर ताडून पाहिले. ग ते म आणि नी ते सा हीच शुद्ध सप्तकातली दोन अर्ध्या स्वराची अंतरे, आणि दोन्ही ठिकाणी वरचा स्वर फा. सा रे ग आणि म प ध यांची अंतरे सारखीच असल्यामुळे त्यांना नावेही सारखी दिली आहेत. जे मला अपुरेपण वाटत होते, तीच या लिपीची खरी सोय आहे. जेसी एकिन यांनी १८४६ मध्ये सात आकार आणले आणि पुढे गॉस्पेलच्या पुस्तकांनी तेच उचलले; ते मला सोपे वाटतात, पण अर्ध्या स्वराची ही खूण त्यांच्या नावांत उरत नाही.

आता मायनरच्या, म्हणजे कोमल गंधार असलेल्या, चाली घेतल्या आहेत. तिथे सा म्हणजे ला, आणि सहावा स्वर पुन्हा फा. छापील खुणेप्रमाणे तो कोमल धैवत, म्हणजे आसावरी थाट. परंतु जुने गाणारे तो न सांगता चढवून शुद्ध घेतात आणि चाल काफीत जाते. १५९ व्या पानावरील 'वंड्रस लव्ह' म्हणताना माझे नुकतेच शिकलेले लहान पाऊल त्यांच्या पावलापेक्षा खाली पडते. तेवढ्या त्रिकोणांवर मी पेन्सिलीने बाण काढून ठेवले आहेत.