पेशंटचं वय २१, साल झाकलेलं

आमच्या सर्जरी विभागात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मॉर्टॅलिटी मीटिंग असते. दगावलेल्या पेशंटचे पेपर काढायचे, कुठं उशीर झाला, कोणी काय बघायचं राहिलं, ते बोलायचं. त्या महिन्यात आमच्या युनिटकडे मांडायला केस नव्हती. म्हणून मी एक जुनी केस मांडली, नाव, गाव आणि साल झाकून.

"पुरुष, वय २१, खेळाडू. मंगळवारी सामना खेळला, त्यात पोटात काहीतरी झालं. घरी नेलं. असह्य वेदना. शनिवारी घरीच मृत्यू. ऑपरेशन नाही. विचारा."

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने सीटी मागितला. सीटी नाही म्हटलं. मग उभ्याने पोटाचा एक्स-रे? तोही नाही. "सर, पेशंट कुठला?" न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनचा, असं सांगितल्यावर सगळे हसले. मग साल सांगितलं: १८६२. एक्स-रेचा शोध लागायला अजून तेहतीस वर्षं होती आणि ब्रुकलिन हे तेव्हा न्यूयॉर्कहून वेगळं शहर होतं.

पेशंटचं नाव जेम्स क्रेटन, सगळे जिम म्हणत. जन्म १५ एप्रिल १८४१, मॅनहॅटनमध्ये, वाढला ब्रुकलिनमध्ये. बेसबॉलमधला पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून बहुतेकदा त्याचंच नाव घेतात. तेव्हाच्या क्लबांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे पैसे घेऊन खेळायला बंदी होती, त्यामुळे पगाराचा कागद कुठून सापडणार! पण एक्सेलसियर क्लबने त्याला आतल्या हाताने पैसे दिले, असंच इतिहासकार धरून चालतात. १८५९ साली नायगरा क्लबकडून खेळताना त्याने स्टार क्लबला असा काही चेंडू टाकला, की त्याच स्टारने त्याला उचललं. हंगाम संपता संपता एक्सेलसियरने त्याला तिथूनही आपल्याकडे ओढलं.

आता त्याचं टाकणं कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण केस तिथेच आहे. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, पण त्या काळी त्याचं काम बॅट्समनला बाद करणं नव्हतं. त्याने चेंडू खालून, हात सरळ ठेवून, मनगट न झटकता, मारता येईल असा द्यायचा. खेळ पुढे फील्डरांचा. हातात ग्लोव्ह नाहीत, एका टप्प्यावर झेल घेतला तरी आउट. अंतर ४५ फूट, म्हणजे क्रिकेटच्या ६६ फुटी खेळपट्टीच्या साधारण दोन तृतीयांश. (आजचं बेसबॉलचं अंतर ६० फूट ६ इंच आहे.) क्रेटनने ही सगळी सभ्यता मोडली. तो मनगटाला अगदी शेवटच्या क्षणी चोरटा झटका देई, पंचाला न दिसेल इतका. चेंडू खालून सुटून वर चढत येई, आणि मध्येच तो एखादा संथ, लोंबता चेंडू सोडी. लोक आरडाओरडा करत, हे फेकणं आहे म्हणत. क्रिकेटमधल्या 'चकर'च्या भांडणाशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे नवीन वाटायचं नाही.

१८६० हे त्याचं वर्ष. एक्सेलसियर न्यूयॉर्क राज्यातली गावं करत दौऱ्यावर गेले, पुढे फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरलाही. १९ जुलैला त्यांनी बलाढ्य अटलांटिक क्लबला २३-४ असं झोडपलं, ९ ऑगस्टला अटलांटिकने १५-१४ने परतफेड केली, आणि तिसरा सामना एक्सेलसियर ८-६ पुढे असताना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे सोडून द्यावा लागला. ८ नोव्हेंबरला सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबच्या संघाला एकही धाव दिली नाही, २५-०. तो क्रिकेटही चांगलं खेळायचा.

आता यांत्रिकी. कोपर वाकवायचं नाही म्हटल्यावर वेग कुठून आणणार? कंबरेतून आणि धडाच्या पिळातून. प्रत्येक चेंडूला श्वास रोखून पोटाचे तिरके स्नायू आवळायचे. त्यात तेव्हा वाइड हा प्रकार नव्हता. खराब चेंडू मोजायची पद्धत १८६४ साली आली. बॅट्समन मनासारखा चेंडू येईपर्यंत ढिम्म उभा राहू शके आणि पिचर टाकतच राही. एका दुपारी शेकडो वेळा पोटातला दाब चढायचा आणि उतरायचा.

माझा पहिला संशय हर्नियावर. जांघेचा हर्निया तरुणात बहुतेकदा जन्मजात वाटेने होतो. वृषण खाली उतरताना सोबत आलेली पोटाच्या अस्तराची पिशवी बुजायची राहते. बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या दिवशी दाब इतका चढतो, की आतड्याचं वेटोळं पिशवीच्या अरुंद गळ्यातून खाली उतरतं आणि तिथेच आवळलं जातं. आधी शिरा दबतात, रक्त आत येतं पण परत जात नाही, वेटोळं सुजतं, सुजल्यामुळे गळा अजून आवळतो, शेवटी धमनीही बंद. सहा तासांच्या आसपास आतडं काळं पडायला लागतं. पुढे भोक, पोटात घाण, पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा दाह. मंगळवार ते शनिवार हा हिशोब या पेशंटला चपखल बसतो.

१८६२ साली डॉक्टरच्या हातात काय होतं? इथर होतं, १८४६पासून. क्लोरोफॉर्म होतं. हर्नियाचा गळा कापून आतडं सोडवायचं ऑपरेशनही जुनंच. पण सर्जन लिस्टरचं जंतुनाशक काम १८६७चं, आणि बासिनी या सर्जनची हर्नियाची पद्धतशीर दुरुस्ती १८८०च्या दशकातली. त्यामुळे आधी हाताने दाबून आतडं परत ढकलून बघत. त्यात काळं पडलेलं वेटोळं तसंच पोटात जायचा धोका; जांघ सपाट होते, डॉक्टर निश्चिंत होतो आणि पेशंट आतून सडत राहतो.

सगळ्यात बिघडलेली होती ती हिस्ट्री, म्हणजे काय कसं घडलं याची सांगितलेली हकिकत. पुढे पसरलेली कहाणी अशी: मोरिसानियाच्या युनियन क्लबविरुद्ध १४ ऑक्टोबरला क्रेटनने होम रन (एका फटक्यात सगळे बेस पळून काढलेली धाव) मारला, काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि तो सहकाऱ्याला म्हणाला, पट्टा तुटला वाटतं. पण सामन्याच्या स्कोअरमध्ये त्याच्या नावावर होम रन नाही. तो आधी सेकंड बेसवर फील्डिंगला होता आणि नंतरच्या डावांत पिचिंगला आला. म्हणजे इजा फटक्यापेक्षा टाकण्यातून झाल्याची शक्यता जास्त. दुसरीकडे एक्सेलसियरचे अध्यक्ष डॉ. जोन्स, स्वतः डॉक्टर, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की इजा क्रिकेटच्या सामन्यात झाली. बेसबॉलचं नाव खराब होऊ नये ही काळजी त्यात उघड दिसते. हिस्ट्री देणाऱ्याचा हितसंबंध काय, हे आम्ही अपघाताच्या प्रत्येक केसमध्ये विचारतो; इथे देणारा डॉक्टरच निघाला.

शेवटी मी आपला नमुना ४ वाटला, मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. सगळ्यांनी भरला. (अ) पेरिटोनायटिस, (ब) आतड्याचं गँगरीन, इथपर्यंत एकमत. (क)मध्ये बहुतेकांनी 'स्ट्रँग्युलेटेड इन्ग्वायनल हर्निया', म्हणजे जांघेचा आवळला गेलेला हर्निया, असं लिहिलं. तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने ते खोडायला लावलं: कारण म्हणून 'आतड्याचं स्ट्रँग्युलेशन' एवढंच नोंदलं गेलं, जांघेतली गाठ कोणी लिहून ठेवलेली नाही, पोटातच एखाद्या तंतूच्या पट्ट्याखाली आतडं अडकलं असेल किंवा त्याला पीळ पडला असेल तर? तिचं बरोबर होतं. हर्निया हा आपला अंदाज, चांगला अंदाज, पण दाखल्यावर अंदाज जात नाही. मीही माझा कागद खोडला.

मग फोटो दाखवला. ब्रुकलिनच्या ग्रीन-वूड स्मशानभूमीतला त्याचा संगमरवरी खांब, त्यावर कोरलेल्या बॅटा, टोपी, स्कोअरबुक. माथ्यावरचा दगडी चेंडू मध्यंतरी नाहीसा झाला होता, २०१४ साली नवा बसवला.

नमुन्यात 'इजा कशी झाली' अशी एक ओळ असते. चौघांनी बेसबॉल लिहिलं, एकाने क्रिकेट. तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने 'खेळताना' एवढंच लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून पहिला पेशंट टेबलवर घेतल्याचा निरोप आला.