उभं कुठलं, आडवं कुठलं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असं पत्र आलं, आणि आठवायला बसलं की दर वेळी हस्तकलेचाच तास समोर उभा राहतो. मैदानाविषयी, स्नेहसंमेलनांविषयी, इतर शिक्षकांविषयी बाकीचे लिहितीलच. ही पानं मात्र हस्तकलेच्या बाईंची. नाव लिहायची गरज नाही. शेवटच्या खोलीतलं खळीचा वास असलेलं कपाट ज्यांना आठवतं, त्यांना बाई कोण ते कळलंच.

कात्री हातात घेतली की बाईंचा प्रश्न ठरलेला: "थांब. याचं उभं कुठलं, आडवं कुठलं?"

कापडाला उभा-आडवा धागा असतो हे घरी कळतं. कागदालाही असतो, हे बाईंनी सांगितलं. यंत्रावर लगदा पळत्या जाळीवर पडतो, त्यामुळे बहुतेक तंतू पळण्याच्या दिशेला वळतात. ती दिशा म्हणजे कागदाचं उभं. तंतू ओले झाले की जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. म्हणून कागद आडव्या बाजूने कितीतरी जास्त पसरतो आणि वाळताना तितकाच आकसतो. हातकागदात तंतू चहूकडे विखुरलेले असतात, त्यामुळे त्याला ही खोड जवळजवळ नसते.

उभं ओळखायच्या तीन रीती बाईंनी शिकवल्या. कागद न मोडता दोन्ही दिशांनी अलगद वाकवायचा. जिकडून कमी अडतो, तिथली वाकण उभ्याच्या दिशेने. दुसरी फाडून बघायची: उभ्याने कागद सरळ फाटतो, आडव्याने वेडावाकडा. तिसरी सगळ्यांची आवडती. पाच सेंटिमीटरचा चौकोन कापायचा आणि एकच बाजू ओल्या बोटाने पुसायची. क्षणात त्याची नळी होते, आणि नळी ज्या दिशेला लांब, ते उभं. कापण्याआधी चौकोनावर बाणाची खूण मात्र करायची, नाहीतर नळी सापडते आणि मूळ कागद कसा ठेवला होता तेच आठवत नाही.

याचं मोल पटलं ते वह्या बांधण्याच्या वेळी. नववीच्या वर्गाने बांधलेल्या सगळ्या वह्या रात्रभर टेबलावर ठेवल्या होत्या, आणि सकाळी एकूण एक पुठ्ठे होडीसारखे वर आलेले. बाई रागावल्या नाहीत. एक वही घेतली, पाण्याचं बोट फिरवून पुठ्ठ्यावरच्या कागदाचा तुकडा सोडवला आणि त्याची नळी करून दाखवली. कागद आडवा लागला होता. खळीने तो आधी पसरला, पसरलेलाच चिकटला, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढत गेला. आतून अस्तर नव्हतं, त्यामुळे उलट ओढ द्यायला कुणी नाही. वजनही ठेवलं नव्हतं. तीन चुका एकाच वहीत. त्या दिवशी एकही वही बाईंनी टाकू दिली नाही. सगळ्या उकलून पुन्हा बांधल्या.

बाईंची वही बांधायची रीत अशी. चार ताव एकत्र दुमडून एक फर्मा, म्हणजे १६ पानं. असे पाच फर्मे. घडी दुमडायला बोटाचं नख नको, गुळगुळीत चमच्याची पाठ फिरवायची. कण्यावर पाच भोकं दाभणाने, फर्मा उघडून आतल्या बाजूने पाडायची म्हणजे ती घडीवरच पडतात. दोऱ्याची लांबी म्हणजे वहीची उंची गुणिले फर्म्यांची संख्या, आणि वर एक उंची गाठींसाठी. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यायचा. मेण नसलेला दोरा सैल पडतो आणि गाठ सुटते. जुजबंदी, म्हणजे फर्मे एकमेकांना शिवणारी शिवण, घालताना दोरा कण्याच्या दिशेनेच ओढायचा. वर ओढला की कागद चिरतो. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण गाठ घट्ट करायची घाई असते.

पुठ्ठा दोन मिलिमीटरचा, पानांपेक्षा तिन्ही बाजूंनी तीन मिलिमीटर मोठा. कापड चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त. कोपरा कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर कापड सोडायचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट. कमी सोडलं तर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो, जास्त सोडलं तर कोपरा गाठीसारखा फुगतो. खळ एक भाग मैद्याला पाच भाग पाणी. आधी थंड पाण्यात गुठळी मोडायची, मग मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि गार करून गाळायची. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. बाई घालू देत नसत, ते विषारी असतं. दोन दिवसांपुरती खळ करा आणि उरलेली टाका, एवढाच त्यांचा नियम.

शिवणीला कागदाचं उभं समांतर हवं, यातली अडचण बहुतेकांना माहीत नसते. बाजारातला ए-फोर बहुधा लांबीच्या दिशेने उभा असतो. तो मधोमध दुमडला की घडी आडव्यावर येते. म्हणूनच घरगुती वह्या उघड्या राहत नाहीत, सारख्या मिटतात. उपाय सोपा: लांबीने उभा असलेला ए-थ्री घ्या, लांबीच्या मध्यावर कापून दोन ए-फोर करा आणि मग दुमडा. आता घडी उभ्याबरोबर पडते. एवढं एकच सांगितलं तरी आज आमच्या कार्यशाळेतल्या निम्म्या वह्या सुधारतात, आणि लोक श्रेय आम्हाला देतात.

कपाटाच्या खालच्या खणात बाईंची गमतीची खेळणी होती. सगळ्यात जास्त मागणी षट्कोनाला. हा षट्कोन बोटांत चिमटला की मधून फुलासारखा उघडतो आणि रंग बदलतो. आर्थर स्टोन या इंग्लिश विद्यार्थ्याला तो १९३९ मध्ये प्रिन्स्टनला सापडला. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लिश फायलीत मावत नव्हता, म्हणून कापलेल्या पट्ट्या तो उगाच दुमडत बसला होता. डिसेंबर १९५६ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यावर लिहिलं आणि तो जगभर पसरला. टाकाऊ काठांतून काय सापडेल सांगता येत नाही, म्हणून बाई कापलेले काठ डब्यात ठेवायला लावत.

पट्टी साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर लांब घ्या. तीवर चार सेंटिमीटर बाजूचे दहा समभुज त्रिकोण आखा. शाई संपलेल्या बॉलपेनने मोजपट्टीच्या आधाराने सगळ्या रेघा कोरून घ्या आणि प्रत्येक रेघ दोन्हीकडे दुमडा. हे टाळलं तर पुढे काहीच नीट वळत नाही. १ ते १० आकडे घाला. तिसऱ्या-चौथ्यामधल्या रेघेवर पट्टी मागे वळवा. उलटी करा आणि सहाव्या-सातव्यामधल्या रेघेवर पुन्हा वळवा, अशी की नववा त्रिकोण पहिल्याच्या वर येईल. उरलेला दहावा मागे नेऊन पहिल्याच्या पाठीला चिकटवा. गोंद काठापासून जरा आत लावा. काठावर ओघळला की शेजारचे त्रिकोण जुळतात आणि षट्कोन उघडत नाही. लागोपाठचे दोन त्रिकोण चिमटा आणि समोरचा कोपरा मध्याकडे ढकला. अडलं तर एक त्रिकोण पुढे सरकून पुन्हा चिमटा, ओढू नका.

इथेही बाईंचा प्रश्न आलाच. घड्या दोन तिरक्या दिशांना असतात. कागदाचं उभं पट्टीच्या लांबीला किंवा रुंदीला असेल तर दोन्ही घड्या सारख्या पडतात. रुंदीला असेल तर जास्त सहज. पट्टी तिरपी कापली तर एका दिशेच्या घड्या मऊ, दुसऱ्या दिशेच्या चरचरीत, आणि षट्कोन एका बाजूलाच थकतो. सहा रंगांच्या प्रकारासाठी १९ त्रिकोण लागतात, पट्टी ४० सेंटिमीटरची होते. आधी ती पिळासारखी गुंडाळून आखूड करायची, मग वरचीच घडी. ए-फोर पुरत नाही म्हणून दोन तुकडे जोडले जातात, आणि त्या जोडावरच पुढे फाटतं. पट्टी एकसंध कापावी.

शोभादर्शकाविषयी थोडक्यात, कारण तो सगळ्यांना येतो असं वाटतं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी तो १८१६ मध्ये शोधला. आरशाच्या तीन पट्ट्या, १५ बाय ३ सेंटिमीटर, त्रिकोणात बांधायच्या. साध्या आरशाची चांदी काचेमागे असते, म्हणून सांध्यावर दुहेरी रेघ दिसते. रंगीत तुकड्यांनी डबी तृतीयांशच भरायची. गच्च भरली की तुकडे हलत नाहीत आणि मुलांना वाटतं आरसे चुकले.

मागे शाळेत गेलो तेव्हा ते कपाट नव्हतं. त्या जागी तयार संचांचे रंगीत खोके: कापलेले तुकडे, आखलेल्या घड्या, चिकट पाठ. काही चुकायचीच सोय नाही. तिथल्या मुलांना उभं विचारलं, तेव्हा मुलांनी खोका उभा करून दाखवला.

संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेचा कागद छापण्याआधी वाकवून बघा. उभं शिवणीला समांतर येत नसेल तर ताव फिरवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच शिवणीजवळ पानांना लाटा येतील. बाई ते पान उघडून आधी तेच बघतील.