फ्रिदा का रडत नाही

१४ जून, रात्र

स्पॅनिश दिग्दर्शिका कार्ला सिमोनचा 'समर १९९३' हा सिनेमा आज दुपारी पाहिला. मध्ये एकदाही उठले नाही.

सुरुवातीलाच रात्रीच्या आकाशात फटाके उडतायत, सहा वर्षांची फ्रिदा वर बघत उभी आहे आणि एक मुलगा तिला विचारतो, "तू का रडत नाहीस?" तिची आई नुकतीच गेली आहे, वडील त्याआधीच. बार्सिलोनातलं घर आवरलं जातंय आणि ती नुसती बघतेय.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आई गेली त्या दिवशी मी आलेल्यांना चहा करत होते, कप मोजत होते. दाराशी एक काकू दुसरीला म्हणाल्या, "पोरीला रडवा गं कोणीतरी, आत साठून राहील." ऐकू आलं, पण रडू आलं नाही. आता अकरा महिने होतील.

फ्रिदाला मामा-मामीकडे पाठवतात, कातालोनियातल्या गारोचा भागात, झाडीतल्या घरी. तिथे मेरीच्या मूर्तीपाशी ती आपल्या आईसाठी सिगारेटी नेऊन ठेवते. आईला आवडायच्या ना! चिमुकल्या मामेबहिणीशी 'आई-आई' खेळताना तोंड रंगवून आडवी पडते, आणि मुलीने खेळायला बोलावलं की दमल्याचं सांगते. आजारी आई तिने अशीच पाहिलेली. त्याच मामेबहिणीला ती एकदा रानात एकटीला सोडूनही येते. सिमोनने तिला बिचारी केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजाराचं नाव कोणी घेत नाही, पण तो एड्स आहे. खेळताना फ्रिदाचा गुडघा फुटतो, तर तिचं रक्त बघून एक बाई आपल्या मुलीला घाबरून लांब ओढते. सिमोनचे स्वतःचे आईवडील एड्सनेच गेले. तीही लहानपणी अशीच मामाकडे वाढली. २०१७ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचं पारितोषिक या सिनेमाला मिळालं. शेवटी पडद्यावर सिमोनच्या आईचं नाव येतं, नेउस.

रडू येतं ते अगदी शेवटी. पलंगावर उड्या, मामाशी मस्ती, सगळे हसतायत, आणि हसता हसताच फ्रिदा हुंदके देऊ लागते. का रडतेस, तर तिलाच ठाऊक नाही. मला वाटतं, जवळ घेणारी माणसं आता कुठे जाणार नाहीत एवढी खात्री पटेपर्यंत ते पोर थांबलं होतं.

त्याच्या थोडं आधी ती पुस्तकांना कव्हरं घालता घालता मामीला आई कशी गेली ते विचारते.

संध्याकाळी पुतणीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला मी आणि बाबा बसलो होतो. त्या रात्री आईजवळ बाबा होते, मी बाहेरच्या बाकावर झोपले होते. इतक्या महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

बाबांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "पाणी मागितलं होतं तिने. दोन चमचे प्यायली. मी म्हटलं, पोरीला उठवतो. तर म्हणाली, नको, दमलीय, झोपू दे तिला."

अजून चार वह्या राहिल्या आहेत. सकाळी घालीन.