परतीच्या विमानाला संप लागला तेव्हा

आई-बाबांना घेऊन बहिणीकडे स्टुटगार्टला गेलो होतो. परतीचं विमान फ्रँकफर्टहून मुंबईला, सकाळचं, म्हणून आदल्या दिवशीच फ्रँकफर्टला येऊन थांबलो. त्याच रात्री वैमानिकांच्या संपामुळे ते विमान रद्द झालं. कळलं कसं, तर बहिणीने वेबसाइट पाहिली म्हणून. कंपनीचा मेसेज साताऱ्यातल्या एजंटच्या मोबाइलवर गेला होता आणि इकडे भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बुकिंगमध्ये आपला नंबर आणि ईमेल घालून घ्याच. आई-वडील एकटे जाणार असतील तर हे सगळ्यात आधी.

मग ॲपवर पैसे परत घेण्याचा पर्याय आला. घाईत तो दाबू नका. एकदा परतावा घेतला की आपल्याला घरी पोचवायची कंपनीची जबाबदारी संपते, आणि संपाच्या दिवसांत नवं तिकीट परवडत नाही. आम्ही पर्यायी विमानच मागितलं. काउंटरवरची मुलगी आधी नाही म्हणाली, पण युरोपियन युनियनचा नियम दाखवल्यावर दुसऱ्या कंपनीचं, आखातातून जाणारं विमान मिळालं. तोवरचं हॉटेल आणि जेवणही कंपनीकडेच. संप कोणाचाही असो, एवढं त्यांना द्यावंच लागतं.

नुकसानभरपाईचं मात्र तसं नाही. तिथे संप नेमका कोणाचा, हे विचारून लिहून घ्या. युरोपियन युनियनच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरो मिळतात, पण 'असाधारण परिस्थिती' असेल तर नाही. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप त्यात धरला जातो. कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांनी पगारासाठी केलेला संप धरला जात नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्या दाव्याला पहिलं उत्तर नकाराचंच आलं. त्या निकालाचा हवाला देऊन पुन्हा लिहिलं, तेव्हा पैसे आले. आई-बाबांच्या वयाची किती माणसं पहिल्या नकारावरच गप्प बसत असतील!

युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युनियनमधल्या देशाची असेल तरच. १४ दिवस आधी रद्द केल्याचं कळवलं असेल तर भरपाई नाही.

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून देशातल्या देशात जाणाऱ्यांनी संपाच्या भरपाईवर विसंबू नये. न कळवता विमान रद्द केलं तर डीजीसीएच्या (आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत उड्डाणाच्या तासांप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे, पण कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत तिथे संप स्पष्ट लिहिलेला आहे. पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे मागायचा हक्क तरीही राहतो. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करा.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत होत्या, त्याने फार निभावलं. व्हिसाही परतीच्या तारखेपुढे थोडे दिवस शिल्लक राहतील असाच मागा.

साताऱ्याहून मुंबईला गाडी बोलावली असेल तर नव्या विमानाचा बोर्डिंग पास हातात पडल्यावरच ड्रायव्हरला निघायला सांगा. सरळ विमानालाही आठेक तास लागतात, तेवढ्यात गाडी खंबाटकी, पुणे करत आरामात पोचते. दावा एजंटकडे नाही, थेट विमान कंपनीकडे करायचा, आणि जेवणाखाण्याच्या पावत्या त्यासोबत जोडायच्या.