घाटात पिकअप गेला: इंजिनाचा दिवा, पी ०२९९ आणि एक फाटका होज

ट्रकला मागे टाकायला तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबली आणि बोनेटखालून 'फुस्स' असा आवाज आला. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी जड झाली. आरपीएम ३०००च्या वर जाईना. गाडीत पाच जण, डिकी गच्च, मागे गाड्यांची रांग. ओव्हरटेकचा विचार सोडला, दुसऱ्या गिअरवर रेटत वर आलो आणि रस्ता जिथे रुंद झाला तिथे कडेला घेतली.

अशा वेळी आधी दिवा नीट बघा. ऑईलचा लाल दिवा लागला असेल किंवा तापमानाचा काटा वर चढला असेल, तर जागा मिळताच इंजिन बंद करायचं, पुढे एक किलोमीटरही नाही. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश पुढे जाता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर मात्र बहुतेक वेळा मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. ते न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो. माझा दिवा स्थिर होता.

पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केली, तर ताकद परत आलेली! सगळ्यांना हायसं वाटलं. दोनेक किलोमीटरवर पुढचा चढ लागला, पाय दाबला आणि पुन्हा तेच. याला लिंप मोड म्हणतात: इंजिनाला इजा होऊ नये म्हणून गाडीचा संगणक स्वतःहून ताकद कमी करतो. चावी बंद केली की बऱ्याच गाड्यांमध्ये ती मर्यादा उठते, बिघाड जिथल्या तिथेच राहतो. पण त्या दोन किलोमीटरांत मला महत्त्वाची खूण मिळाली. सपाटीवर काहीच त्रास नव्हता, जोर लावला की मगच होता, आणि दोन्ही वेळा आधी तो आवाज.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचण्यासाठी. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर कोड वाचला: पी ०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या भागाचा) दाब अपेक्षेपेक्षा कमी. कोड पुसण्याआधी त्याचा आणि 'फ्रीझ फ्रेम'चा स्क्रीनशॉट काढा. कोड लागला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि इंजिनावरचा भार त्यात असतो आणि पुसल्यावर तो परत मिळत नाही.

घाटमाथ्यावरच्या गॅरेजमध्ये कोड दाखवला, तर बोनेट न उघडताच उत्तर मिळालं, "टर्बो गेला, बदलावा लागेल." हे मला पटलं नाही आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात असं माझं ठाम मत आहे. कोड लक्षण सांगतो, कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही. दाब कमी पडायला चोंदलेला एअर फिल्टर, सुटलेला क्लॅम्प, फाटका होज (हवेची रबरी नळी), फुटका इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग), तडकलेली व्हॅक्युमची नळी, अडकलेला ॲक्च्युएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग), यांतलं काहीही पुरतं. टर्बो खरंच संपला असता तर बहुधा सायरनसारखी शिट्टी, निळा धूर किंवा ऑईल कमी होणं, यांपैकी काहीतरी दिसलं असतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून आधी मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, स्कॅनरवर तपासला. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, १००० मीटर उंचीवर ९०च्या आसपास. आकडा बरोबर होता, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग भाऊ शेजारी मोबाईल घेऊन बसला आणि मी चढावर रेस दिली. एरवी २००च्या पुढे जाणारा आकडा १४०वर अडकला. हवा वाटेत कुठेतरी निसटत होती.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. चावी काढूनच हात घाला, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. इंटरकूलरकडून येणारा जाड रबरी होज वरून अगदी धडधाकट दिसत होता. खालून बोट फिरवलं तर तेलकट ओल लागली, तिच्यावर धूळ चिकटून काळा पट्टा झालेला. होज पिळल्यावर त्या पट्ट्यात बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, सोडल्यावर मिटली. दाब चढला तरच उघडणारी चीर उभ्या गाडीत सापडणार कशी?

होज कोरडा पुसला, जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले. उरलेला प्रवास आरपीएम २०००च्या आसपास ठेवून, पाय हलका ठेवून केला. दिवा तसाच होता, पण ताकद पुन्हा गेली नाही. घरी आल्यावर नवा होज बसवला, कोड पुसला आणि तोच भार टाकून एका चढावर आकडा बघितला: २१५.

लांबच्या घाटाला निघण्याआधी टर्बो गाडीचे होज खालच्या बाजूने हाताने चाचपून बघा. स्कॅनर, दोन-तीन मापांचे क्लॅम्प, स्क्रूड्रायव्हर आणि ट्यूबचा तुकडा, एवढं डिकीत ठेवा. सामानाच्या तळाशी नको, वरच ठेवा. मला रस्त्याच्या कडेला सगळ्या बॅगा उतरवाव्या लागल्या होत्या.